तकिये-दौलत : रडणाऱ्यांचे राजेशाही नाट्यगृह

(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाची लिखित संहिता)



बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांचे प्रकरण आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. रेसिडेंट फेअर यांच्यावर विषप्रयोग केल्याचा आळ, जानेवारी १८७५ मधली अटक, चौकशी, आणि एप्रिलमध्ये गादीवरून उतरवून मद्रासला केलेली रवानगी. ती अटक ज्याच्या हातून झाली तो सर लुईस पेली हा मुंबईच्या फौजेतला अधिकारी. बडोद्याला येण्याआधी जवळजवळ दहा वर्षे तो इराणी आखातात बुशहर बंदरात इंग्रजांचा रेसिडेंट होता. तिथे राजकारणाच्या धबडग्यात त्याने एक निराळेच काम हाती घेतले. नटांना शिकवण्यात आणि त्यांना शब्द पुरवण्यात ज्याचे आयुष्य गेले होते असा एक इराणी माणूस त्याने गाठला, आणि त्याच्या मदतीने करबलेच्या कथेवरची ५२ नाट्ये गोळा केली. त्यातली ३७ निवडून १८७९ साली लंडनमध्ये दोन खंडांत इंग्रजीत छापली. गायकवाडांना पकडणारा हात आणि हुसेनच्या हौतात्म्याची नाटके जमवणारा हात एकाच माणसाचा होता, हे मला प्रथम कळले तेव्हापासून या नाटकांनी माझा पिच्छा सोडलेला नाही.

या नाटकांचे सगळ्यांत मोठे आणि सगळ्यांत वैभवशाली घर तेहरानमध्ये होते. त्याचे नाव तकिये-दौलत, म्हणजे सरकारी तकिया; तकिया म्हणजे ही नाटके जिथे होत ती जागा. आज ते नाही. गुलिस्तान राजवाड्याच्या आवाराला लागून, बाजाराच्या तोंडाशी ते उभे होते. तिथे आता बँक आहे. उणीपुरी पाऊणशे वर्षे त्याला लाभली. तेवढ्या अवधीत त्याने हजारो माणसांना एकत्र रडताना पाहिले, खून झालेल्या शाहाचा देह सांभाळला, एका राजघराण्याचा शेवट आणि दुसऱ्याचा आरंभ आपल्याच छताखाली होऊ दिला, आणि मग ते पाडले गेले. त्याचा इतिहास सांगताना मला सारखा एक प्रश्न पडतो, तो आपल्यापुढे ठेवतो. ही वास्तू होती कोणाची? ज्याने विटा रचायला पैसा दिला त्याची, की दर मोहरमला जमिनीवर दाटीवाटीने बसून जे रडत होते त्यांची?

आपल्याकडे ताजिया म्हटले की बांबू, कागद आणि बेगडीचे ताबूत डोळ्यांपुढे येतात. इराणात मात्र ताजिया म्हणजे नाटक, आणि आज मी तो शब्द त्याच अर्थाने वापरणार आहे. विषय एकच: हिजरी ६१ च्या मोहरमची दहावी तारीख, इसवी सन ६८० चा ऑक्टोबर, करबलेचे मैदान. प्रेषितांचा नातू हुसेन, त्याच्याबरोबर कुटुंबकबिला आणि परंपरेप्रमाणे ७२ साथीदार. समोर खलिफा यजीदची फौज. फुरात नदी हाकेच्या अंतरावर, पण पाण्याची वाट अडवलेली. पाणी आणायला गेलेला भाऊ अब्बास हात तुटून पडतो. थोरला मुलगा अली अकबर जातो. पुतण्या कासिम लग्नाच्या पोशाखात रणात उतरतो. तान्ह्या अली असगरच्या गळ्यात बाण घुसतो. शेवटी हुसेन एकटा उरतो आणि यजीदच्या फौजेतला शिम्र त्याचे शिर कापतो. बायकामुलांना बेड्या घालून दमास्कसला नेतात, आणि बहीण जैनब यजीदच्या दरबारात उभी राहून बोलते. शिया मुसलमानांच्या घरात ही कथा जन्मापासून कानावर पडते. नाट्यगृहात येणाऱ्या प्रत्येकाला शेवट ठाऊक असतो, आणि तो पाहण्यासाठीच तो येतो.

या शोकाला सार्वजनिक रूप आले ते दहाव्या शतकात. बुवैही अमीर मुइझ्झुद्दौला याने ९६३ साली बगदादचा बाजार बंद ठेवून लोकांना उघडपणे शोक करायला लावले. पुढे सफवी राजांनी शिया पंथ इराणचा राजधर्म केला, तेव्हा मोहरमच्या मिरवणुका थोर झाल्या. सोळाव्या शतकाच्या आरंभी हुसेन वाइझ काशिफीने करबलेची कथा फार्सी गद्यात लिहिली, त्या ग्रंथाच्या आधाराने कथा सांगणारे रौझाखान तयार झाले. आपला कीर्तनकार जसा आख्यान लावताना श्रोत्यांना हसवतो, रडवतो आणि मध्येच पदाला हात घालतो, तशी रौझाखानाची कला होती. मिरवणुकीतली सोंगे आणि रौझाखानाचे शब्द हे दोन प्रवाह अठराव्या शतकात एकमेकांना मिळाले. विल्यम फ्रँकलिन नावाचा बंगाल फौजेतला तरुण अधिकारी १७८६-८७ मध्ये शिराझला राहिला. त्याने मोहरममध्ये कासिमचे लग्न आणि फुरातकाठचा प्रसंग पात्रांनी वठवलेला पाहिला, आणि लिहून ठेवला. नाटक जन्माला आले होते.

काजार राजवटीत, म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरीपासून, ते झपाट्याने वाढले. धर्मशास्त्री मंडळींत दोन मते होती. पवित्र व्यक्तींचे सोंग माणसाने घ्यावे काय, पुरुषाने स्त्रीचा वेष घ्यावा काय, हे प्रश्न वारंवार निघत. मिर्झाए-कुमी या मान्यवर मुजतहिदाने, म्हणजे धर्मनिर्णय देणाऱ्या शास्त्र्याने, हे सादरीकरण धर्माला धरून आहे असा निर्वाळा दिला, त्याचा या कलेला मोठा आधार झाला. मोहल्ल्यामोहल्ल्यांत तकिये उभे राहिले. बहुतेक ठिकाणी ते म्हणजे नुसते अंगण असे: मध्ये चौथरा, भोवती माणसे, वर मोहरमपुरते ताणलेले कापड. अमीर-उमराव आपापल्या वाड्यांत ताजिये करीत. इंग्रज वकिलाची पत्नी लेडी शील हिने १८५० च्या सुमारास तेहरानमध्ये माजी वजीर हाजी मिर्झा आकासीच्या तकियात हे प्रयोग पाहिले आणि त्यांचे तपशीलवार वर्णन लिहिले. राष्ट्राची घडी नव्याने बसवू पाहणारा मुत्सद्दी अमीर कबीर याला या नाटकांतला सैलपणा खटकत असे, आणि शिहाब इस्फहानी या कवीकडून त्याने चांगल्या संहिता लिहवून घेतल्या. सुधारकालाही हे नाटक बंद करावेसे वाटले नाही, नीटनेटके करावेसे वाटले, ही बाब मला महत्त्वाची वाटते.

नासिरुद्दीन शाह १८४८ मध्ये तख्तावर आला आणि १८९६ पर्यंत राज्य करून गेला. चित्रे, छायाचित्रे, प्रवास, शिकार यांची त्याला हौस होती, आणि ताजियाची तर विशेषच. १८६० च्या दशकाच्या अखेरीस त्याने राजवाड्यालगत मोठा तकिया बांधायचे ठरवले आणि देखरेखीला दोस्तअली खान मुअय्यिरुल-ममालिक याला नेमले. हा खजिन्याचा आणि टांकसाळीचा बडा अधिकारी. त्याच आवारातली शम्सुल-इमारत ही उंच जोडबुरुजांची इमारतही त्याच्याच देखरेखीखाली नुकती उभी राहिली होती. १८७० च्या दशकाच्या आरंभी तकिया वापरात आला.

इथे एका प्रचलित समजुतीचा निकाल लावायला हवा. शाहाने युरोपच्या दौऱ्यात लंडनचे रॉयल अल्बर्ट हॉल पाहिले आणि तसेच नाट्यगृह घरी बांधले, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. शाह युरोपला गेला १८७३ साली. अल्बर्ट हॉलचे उद्घाटन झाले मार्च १८७१ मध्ये. तेहरानचे काम त्याच्या आधीच सुरू झालेले होते. शाहाला अल्बर्ट हॉल आवडले असेल, त्यावरून सजावटीत काही भर पडली असेल, तेही मान्य. पण वर्तुळाच्या मध्यभागी रंगमंच आणि चहूबाजूंनी प्रेक्षक ही रचना इराणच्या सरायांच्या, वाड्यांच्या आणि मोहल्ल्यांच्या अंगणातून आलेली आहे. नावे न राहिलेल्या शेकडो तकियांनी ती घडवली होती. राजाने ती उचलली, पक्क्या विटेत बांधली आणि तीन मजले चढवले. श्रेय युरोपला देण्याची ही घाई मला अन्यायाची वाटते, कारण ती घाई करणारा माणूस अंगणात बसलेल्या लोकांकडे पाहतच नाही.

सॅम्युअल बेंजामिन हा अमेरिकेचा इराणमधला पहिला वकील. १८८३ ते १८८५ तो तेहरानला होता. शाहाच्या निमंत्रणावरून तो तकिये-दौलतमध्ये गेला आणि परतल्यावर ग्रंथ लिहिला. त्याला इटलीतल्या व्हेरोनाच्या प्राचीन रंगभूमीची आठवण झाली. त्याच्या अंदाजाने वर्तुळाचा व्यास जवळजवळ २०० फूट, भिंतींची उंची ८० फूट. भिंतींपासून उगवलेल्या, लोखंडाने आवळलेल्या लाकडी कमानी वर एकमेकींना भेटत आणि त्यांच्यावर कापडाचे छत ताणले जाई. विटांचा घुमट या भिंती पेलू शकल्या नसत्या, म्हणून हा सांगाडा. भोवतालच्या सज्जांच्या कमानी एकसारख्या नव्हत्या. कुठे मोठी, कुठे लहान, कुठे खोल. या असमानतेतच बेंजामिनला सौंदर्य दिसले, आणि त्याच्या नजरेला मी दाद देतो. एकेक सज्जा एकेका उमरावाकडे असे आणि तो त्याने सजवायचा. आरसे, हंड्या, झुंबरे, काश्मिरी शाली, गालिचे यांची चढाओढ लागे. मेणबत्त्यांची संख्या त्याने ५ हजारांहून अधिक धरली आहे. मधल्या मोठ्या झुंबरात नव्याने आलेले विजेचे दिवेही होते. कडेला संगमरवरी मिंबर, प्रवचनकाराचे पायऱ्यांचे उंच आसन. शाहाचा सज्जा वेगळा. राणीवशाच्या सज्जांना जाळ्या. एकूण माणसे किती मावत याबद्दल प्रत्यक्ष पाहणाऱ्यांचे आकडे ४ हजारांपासून २० हजारांपर्यंत जातात. दाटी पाहून मोजणाऱ्याचे भान हरपत असावे.

पण बेंजामिनच्या वर्णनातला मला सर्वांत मोलाचा भाग खाली, जमिनीवर आहे. मधला चौथरा आणि त्याच्याभोवती घोडे-उंट फिरवायला ठेवलेली अरुंद वाट एवढे सोडले तर सगळे अंगण बायकांनी भरलेले होते. त्याने अदमासे ४ हजार मोजल्या. गडद निळ्या चादरी, चेहऱ्यावर पांढरे बुरखे, मातीच्या जमिनीवर मांडी घातलेली. मागच्यांना दिसावे म्हणून ती जमीन किंचित उतरती केलेली होती. वर सज्जांत वजीर, सरदार, परदेशी वकील. आणि नटाच्या हाताच्या अंतरावर शहरातल्या सामान्य बायका. जागेसाठी त्यांची भांडणे होत, काठ्या घेतलेले फर्राश, म्हणजे दरबारी चाकर, मध्ये पडत. पोरे कडेवर, हुक्का हाताशी, सरबताचे पेले फिरताहेत. आणि अब्बासचा पहिला हात तुटला की त्या सगळ्या अंगणातून एकच आक्रोश उठे, छाती पिटण्याचा आवाज येई. ज्या शहरात बाईला सार्वजनिक जागा फारशी नव्हती त्या शहरातली सर्वांत भव्य सार्वजनिक जागा मोहरमचे दहा दिवस तिने व्यापलेली असे. रंगमंचावर जैनब दरबाराला जाब विचारत असे, आणि ऐकणाऱ्या चार हजार जणी. काजार काळात राजघराण्यातल्या स्त्रियांच्या वाड्यांत केवळ स्त्रियांनी केलेले ताजियेही होत, पुरुषांच्या भूमिकांसकट. या नाट्याच्या इतिहासात स्त्रीला प्रेक्षक म्हणून बाजूला ठेवता येत नाही.

आता प्रयोगाकडे येतो. आधी मिंबरावरून रौझाखानाचे प्रवचन. मग मिरवणुका: लष्करी बँड, शाही घोडे, उंट, शोकगीते म्हणणारी मुले. मग नटांचा प्रवेश. या सगळ्यांचा कर्ताधर्ता मुईनुल-बुका, म्हणजे रडण्याला साहाय्य करणारा. ही दरबारी पदवी होती. मिर्झा मोहम्मद तकी आणि त्याच्यानंतर त्याचा मुलगा मोहम्मद बाकिर यांनी ती भूषवली. मुईनुल-बुका पडद्यामागे नसतोच, कारण पडदा नाही. हातात काठी घेऊन तो चौथऱ्यावरच उभा. कोणाला जागा दाखव, कोणाच्या हातात कागद दे, पोराचा खांदा धरून त्याला पुढे आण, वाद्यांना खूण कर. प्रत्येक नटाच्या मुठीत त्याच्या भूमिकेची नक्कल, अरुंद कागदाची पट्टी, आणि तो ती उघडपणे पाहून म्हणतो. आपण हुसेन नाही, हुसेनची भूमिका वाचणारे आहोत, हे तो एका क्षणासाठीही लपवत नाही. धर्मशास्त्र्यांच्या आक्षेपाला दिलेले ते उत्तरही होते.

हुसेनच्या बाजूचे हिरव्या-पांढऱ्या पोशाखात, आणि ते गातात. शत्रुपक्ष लाल पोशाखात, आणि तो गात नाही. खडबडीत, चढ्या आवाजात शब्द फेकतो. म्हणजे डोळे मिटून बसलेल्यालाही बाजू कळते. चौथऱ्याला एक फेरी मारली की मक्केहून कुफा शहराकडचा प्रवास झाला. पाण्याची एक परात म्हणजे फुरात नदी. गव्हाचा भुसा म्हणजे वाळवंटाची वाळू. शोकात तोच मूठभर घेऊन डोक्यावर टाकायचा, आणि प्रेक्षकही तो टाकत. शिम्रची भूमिका करणारा खंजीर उगारतो आणि त्याच वेळी हमसून रडतो, कारण खंजीर उगारणारा नटही हुसेनचाच भक्त. नट आणि भूमिका यांच्यातले हे अंतर युरोपच्या रंगभूमीने विसाव्या शतकात मोठ्या तत्त्वचर्चेने मिळवले. इथे ते श्रद्धेतून आलेले होते, आणि त्यामुळे भावना थंड न होता दुपटीने पेटत असे.

गाण्याबद्दल थोडे अधिक बोललेच पाहिजे. चांगल्या आवाजाची मुले देशभरातून शोधून तेहरानला आणली जात. भूमिकेनुसार स्वरांची परंपरा ठरलेली: अब्बास चहारगाहमध्ये गाणार, यजीदची बाजू सोडून आलेला हुर्र इराकमध्ये, हुसेनचा भाऊ हसन याचा लहानगा मुलगा अब्दुल्ला राकमध्ये. आजही फार्सी संगीतात राके-अब्दुल्ला नावाची जागा शिकवली जाते, आणि तिच्या शेजारीच राके-हिंदी आहे. आपल्या रागाचे नाव तिथे कुठल्या वाटेने पोचले असेल याचा विचार जाणकारांनी करावा. ज्या समाजात गाणे धर्मदृष्ट्या संशयित होते तिथे ताजियाने गायकाला निर्धास्त छत्र दिले. तबरीझचा इकबाल आझर हा विसाव्या शतकातला नामवंत गायक. त्याच्या गळ्याची घडण ताजियातच झाली. इराणी अभिजात संगीतातल्या अनेक चिजांची ठेव या नाटकांनी सांभाळली, असे तिथले संगीतकार कृतज्ञतेने सांगत आले आहेत. तकिये-दौलत गेले तेव्हा एक गायनशाळा बंद पडली. इमारतीच्या सौंदर्यासाठी हळहळणारे या नुकसानीचा उल्लेख करीत नाहीत, आणि माझ्या मते खरे नुकसान तेच.

राजाश्रयाची दुसरी बाजूही झाकून ठेवणार नाही. शाही खजिन्यातली चिलखते, जडावाची शस्त्रे, उंची घोडे नटांना मिळत, आणि थाट वाढत गेला. यजीदच्या दरबारात हुसेनसाठी रदबदली करणारा फिरंगी वकील हे पात्र लोकप्रिय. त्याच्या निमित्ताने युरोपी पोशाख आणि सामान रंगमंचावर आले. शाहाला विनोदाचे वेड, म्हणून शत्रुपक्षाची टर उडवणारी हास्यनाट्येही बोकाळली. कुरेशांच्या घरच्या लग्नाचा ताजिया, सुलेमानाच्या गोष्टी, तैमूरलंगाचा प्रवेश. करबलेपासून दूर दूर जाणारे हे विषय पाहून काही धर्मनिष्ठांनी नाके मुरडली. मी या विस्ताराकडे आशेने पाहतो. एकाच शोककथेतून निघालेले नाट्य प्रेषितांच्या, राजांच्या, दरवेशांच्या आणि शेवटी सामान्य माणसांच्या गोष्टींकडे सरकत होते. आणखी पन्नास वर्षे मिळती तर त्यातून इराणची सर्वस्वी स्वतःची लौकिक रंगभूमी उभी राहिली असती, असे मला वाटते. त्याच तेहरानमध्ये दारुल-फुनून या नव्या विद्यालयात युरोपी पद्धतीचे छोटे नाट्यगृह काढून मोलिएरची भाषांतरे खेळली गेली. ती पाहायला शाह आणि निवडक दरबारी. शहराने ती पाहिली नाहीत.

१ मे १८९६ रोजी, शाहाच्या राज्याच्या पन्नासाव्या चांद्रवर्षाच्या समारंभाच्या तोंडावर, शाह अब्दुल-अझीमच्या दर्ग्यात मिर्झा रझा किरमानीने नासिरुद्दीन शाहावर गोळी झाडली. मकबरा तयार होईपर्यंत त्याचा देह तकिये-दौलतमध्ये ठेवला. जवळजवळ अकरा वर्षांनी त्याचा मुलगा मुझफ्फरुद्दीन शाह वारला. त्याचाही देह करबलेला नेईपर्यंत इथेच. मधल्या काळात इराणने राज्यघटना मिळवली होती. सुशिक्षितांचे लक्ष वर्तमानपत्रांकडे, सभांकडे, संसदेकडे वळले. खजिना रिता. प्रयोग चालू राहिले, पण पूर्वीचा झोक उरला नाही.

आणि मग डिसेंबर १९२५. ३१ ऑक्टोबरला संसदेने काजार घराण्याला पदच्युत केले होते. पुढची व्यवस्था ठरवायला घटनासमिती बोलावली, आणि ती भरली तकिये-दौलतमध्ये. ६ डिसेंबरला ती सुरू झाली आणि १२ तारखेला तिने सेनानी रझा खान आणि त्याच्या वंशजांना, म्हणजे पहलवी घराण्याला, तख्त दिले. काजारांनी बांधलेल्या घरातच काजारांचे राज्य कागदोपत्री संपले. हीच जागा निवडण्यामागे सोय असेल: तेवढी माणसे मावणारे दुसरे सभागृह तेहरानमध्ये क्वचितच असेल. पण दहा दिवस जिथे यजीदच्या सत्तेला शाप दिला जाई, त्याच वर्तुळात नवी सत्ता टाळ्या घेत होती. जमिनीवर बसणाऱ्या त्या बायकांपैकी कोणालाही या सभेचे बोलावणे नव्हते.

रझा खान सत्तेच्या पायऱ्या चढत होता तेव्हा मोहरममध्ये कोसॅक पलटणीच्या शोकयात्रेपुढे तो स्वतः चाले. लोकांची मने कशाने वळतात हे त्याला पुरते ठाऊक होते. शाह झाल्यावर त्याने उलटे वळण घेतले. परदेश्यांपुढे देश मागासलेला दिसू नये, आणि रस्त्यांवर हजारोंनी एकत्र येणाऱ्या भावविवश जमावांवर लगाम राहावा, या दोन कारणांसाठी १९३० च्या दशकाच्या आरंभी ताजियावर बंदी आली. नट खेड्यांत पांगले. त्याच वर्षांत जुन्या तेहरानची तटबंदी आणि वेशी पाडून सरळ रुंद रस्ते काढले गेले, गुलिस्तानच्या आवारातल्या अनेक काजार इमारती जमीनदोस्त झाल्या. तकिया रिकामा आणि दुर्लक्षित उभा होता. रझा शाह १९४१ मध्ये गादी सोडून परागंदा झाला, तरी तकियाचे दैव पालटले नाही. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो पाडला, आणि त्या जागी बँक मेल्लीची बाजार शाखा उभी राहिली.

काळाच्या ओघात इमारत गेली, असे म्हणून मी मोकळा होऊ शकत नाही. ती मोडकळीस आली होती हे खरे, पण इमारती मोडकळीस येतात ते कोणी तरी त्यांची निगा थांबवल्यामुळे. काजारांना ती आपली खासगी मिळकत वाटली, पहलवींना ती काजारांची निशाणी वाटली, बाजाराच्या तोंडाशी असलेल्या जमिनीला मोल होते. तिघांच्याही हिशेबात प्रेक्षक कुठेच नाही. तेहरानच्या लोकांनी दोन-तीन पिढ्या तिथे जे ओतले होते त्याची मालकी नोंदवणारे कोणतेच दप्तर नव्हते. राजाच्या नावावर चढलेली लोकांची वास्तू राजाबरोबर गेली. आता चित्रकार कमालुल-मुल्कने काढलेले तिच्या अंतर्भागाचे तैलचित्र गुलिस्तान राजवाड्याच्या संग्रहात आहे, आणि थोडी जुनी छायाचित्रे. चित्रात छताच्या कमानी आणि सजवलेले सज्जे इतके बारकाईने रंगवले आहेत की वास्तुतज्ज्ञ त्यांच्यावरून मापे ताडून पाहतात.

नाटक मात्र मेले नाही, कारण त्याला तीन मजल्यांची गरज कधीच नव्हती. खळ्यावर, मशिदीच्या अंगणात, माळावर ते चालू राहिले. किरमानशाहला मुआविनुल-मुल्कचा तकिया अजून उभा आहे. भिंतभर फरश्यांवर करबलेचे प्रसंग रंगवलेले. १९५० ते १९५४ या काळात तेहरानमध्ये इटलीचा राजदूत असलेल्या एन्रिको चेरुल्ली याने गावोगावच्या संहिता मिळवल्या. त्या १,०५५ भरल्या आणि व्हॅटिकनच्या ग्रंथालयात जमा झाल्या. त्याही आधी अलेक्झांडर खोज्को या पोलिश विद्वानाने आधीचा काजार राजा फतहअली शाह याच्या दरबारातल्या नाट्यव्यवस्थापकाकडून ३३ नाट्यांचे हस्तलिखित घेतले होते, ते पॅरिसला आहे. १९७० च्या सुमारास पीटर ब्रूक यांनी ईशान्य इराणच्या एका खेड्यात ताजिया पाहिला. महाभारत करणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. एका गावाने वर्तुळात बसून आपली कथा जगताना पाहिल्याचा तो अनुभव त्यांनी पुढे अनेकदा सांगितला. आणि तेच नाटक शिराझच्या कलामहोत्सवात, नीटनेटक्या पोशाखात, समोर खुर्च्या मांडलेल्या प्रतिष्ठितांपुढे कसे निष्प्राण झाले, तेही सांगितले. त्याच महोत्सवात १९७६ साली पीटर चेल्कोव्स्की यांनी ताजियावर आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. तिच्यातून निघालेला ग्रंथ अजून या विषयाचा पाया मानला जातो. २०१० मध्ये युनेस्कोने ताजियाचा मानवजातीच्या अमूर्त वारशात समावेश केला.

माझे शेवटचे बोलणे फार्सी जाणणाऱ्या तरुण मित्रांशी आहे. मराठी मुलुखात फार्सी ही शतकानुशतके कारभाराची भाषा होती; सेतुमाधवराव पगडींसारख्यांनी आपला इतिहास समजून घ्यायला फार्सी साधने मराठीत आणली. पण फार्सीतले नाट्य मराठीत आलेले माझ्या पाहण्यात नाही. आपल्या हाती जी आहेत ती पेलीची इंग्रजी भाषांतरे: गद्यात, गाणारे आणि न गाणारे यांतला फरक पुसून टाकलेली. मूळ संहिता आज उपलब्ध आहेत. त्या पद्यातून पद्यात आणता येतील, आणि गाण्याच्या व ओरडण्याच्या जागा वेगळ्या ठेवता येतील. सुरुवात हुर्रच्या ताजियापासून करावी. हुर्र हा यजीदच्या फौजेचा सरदार, हुसेनची वाट पहिल्यांदा त्यानेच अडवलेली. लढाईच्या सकाळी तो आपल्या मनाशी झगडतो, फौज सोडून हुसेनकडे जातो, क्षमा मागतो आणि पहिल्या शहिदांत पडतो. नाटक बेताच्या लांबीचे आहे, पात्रे मोजकी आहेत, आणि गाणारा एक चांगला नट मिळाला तर कोणत्याही मोकळ्या अंगणात ते उभे करता येईल.